गृत्समदाचा सोम

ऋग्वेदाचे दुसरे मंडल गृत्समद ऋषी आणि त्यांच्या कुळाच्या नावावर आहे. त्यातल्या अनेक सूक्तांत एकच लगबग दिसते: सोम गाळून तयार आहे, इंद्राने लवकर येऊन तो प्यावा. याच गृत्समदांनी खालापूर तालुक्यातील महड येथे तप करून वरदविनायकाची स्थापना केली, अशी परंपरा आहे. गणेशपुराणातील कथेत तर ते इंद्राचेच पुत्र ठरतात. महडचे देऊळ कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये बांधले. ऋग्वेदातील सूक्ते त्याहून तीन हजार वर्षे जुनी. खोपोलीजवळच्या या गावाच्या कथेमागे प्राचीन धर्मातले एक मोठे कोडे उभे आहे. ज्या वनस्पतीच्या रसाने ऋषींना देवाजवळ पोहोचल्याचा अनुभव आला, ती कोणती?

रस काढण्याचा विधी मात्र बारीकसारीक तपशिलांसह नोंदलेला आहे. यज्ञ करणारा यजमान आधी दीक्षा घेई. केस उतरवून, काळविटाच्या कातड्यावर, मुठी मिटून तो बसे आणि मोजक्या दुधावर राही. सोम विकत घ्यायचा, तोही घासाघीस करून. शतपथ ब्राह्मणात ही घासाघीस टप्प्याटप्प्याने दिली आहे: आधी गाईचा सोळावा हिस्सा देऊ करायचा, मग एक खूर, मग पाय, मग अर्धी गाय आणि शेवटी अख्खी गाय. बाजारातली रीत यज्ञात इतकी पक्की बसावी याचे नवल वाटते. आणलेले देठ पाणी शिंपडून दगडांनी कुटत. खाली बैलाचे कातडे, त्याखाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखाली जमिनीत खणलेले चार खड्डे, त्यामुळे कुटण्याचा आवाज घुमत असे. रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून द्रोणकलशात उतरे. त्यात दूध, दही किंवा सातू मिसळत. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीनदा हे चाले, सामगानासह.

हा रस म्हणजे दारू नव्हे. कुटला त्याच दिवशी प्यायचा, म्हणजे आंबायला वेळच नाही. शतपथ ब्राह्मण सोमाला सत्य आणि प्रकाश म्हणते, तर सुरेला असत्य आणि अंधार. सोमाच्या परिणामाला वैदिक शब्द ‘मद’ असा आहे. पण त्यात गुंगी नाही, उलट जाग आहे. आठव्या मंडलातल्या एका सूक्तात पिणारा अमरत्व आणि प्रकाश गाठल्याचे सांगतो. दहाव्यातल्या एकाला स्वतःपुढे आकाश आणि पृथ्वी लहान वाटू लागतात. नवव्या मंडलातली ११४ सूक्ते तर जवळजवळ सगळी गाळल्या जाणाऱ्या सोमालाच उद्देशून आहेत.

वनस्पतीच्या शोधात अनेकांनी आयुष्याची वर्षे घातली. अमेरिकेच्या गॉर्डन वॉसन यांनी १९६८ मध्ये लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी पुढे केली. फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ यांनी १९८९ मध्ये हरमळ सुचवली. पुण्याचे चिं. ग. काशीकर यांनी १९९० मध्ये एफेड्राचा पक्ष मांडला. एफेड्रा हे पाने जवळजवळ नसलेले, काड्याकाड्यांचे झुडूप. त्यातले एफेड्रीन झोप उडवते. रात्र जागवणाऱ्या यज्ञाला हे जुळते, आणि इराणी परंपराही त्याच बाजूने साक्ष देते: अवेस्तातला ‘हओम’ हा सोमाचाच भाऊ, आणि पारशी धर्मगुरू आजही डाळिंबाच्या डहाळीबरोबर एफेड्राच्याच काड्या कुटतात. अळंबीपेक्षा हा पुरावा जास्त वजनाचा आहे.

कर्जत-खालापूरच्या रानात मन बदलणाऱ्या वनस्पती कमी नाहीत, पण त्यांचा धर्माशी संबंध निराळा आहे. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून ज्या भीमाशंकरला वाट चढते, त्या शंकराला धोत्रा प्रिय मानतात. धोत्र्यातल्या ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीनने तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याचे काटेरी फळ वाहायचे असते, खायचे नसते. वसंतात पहाटे गळणारी मोहाची फुले वाळवून, आंबवून दारू गाळतात. ती सुरेच्या वर्गातली. भगताच्या अंगात वारे येते, तो घुमू लागतो, त्यात वाद्याच्या ठेक्याचा आणि भोवतालच्या माणसांच्या श्रद्धेचा वाटा मोठा असतो.

सोमयागातही उपास, जागरण, दगडांचा घुमणारा नाद आणि सामगान हे सगळे रसाच्या जोडीला होतेच. म्हणूनच अस्सल सोम मिळेनासा झाला तरी याग थांबला नाही. दख्खनमध्ये याज्ञिकांनी सोमवल्ली हाती घेतली: बिनपानांची, पेरापेरांची, मोडली की पांढरा चीक येणारी वेल. १८५९ मध्ये पुण्यात आलेले जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी एका श्रोत्रियाकडून विधी समजून घेतले आणि पुण्याजवळच्या डोंगरांवरच्या या सोमाचा रस स्वतः चाखला. ऐतरेय ब्राह्मणाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी लिहिले आहे की तो कडू आणि तुरट होता, थोडी नशा आली, पण काही चमच्यांपलीकडे पिणे जमले नाही. हा वेदांतला सोम नव्हे, हेही त्यांनी तिथेच सांगितले.

बदली वनस्पतींची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून होती. सोम न मिळाल्यास काय कुटावे याची यादी शतपथ ब्राह्मणातच आहे. तिच्यात काही फुलझाडे आहेत, पिवळसर कुश आहे आणि तांबूस दूर्वाही आहे. गणपतीला दूर्वा वाहण्यामागची कथा अनलासुराची, त्याला गिळल्यावर गणपतीच्या पोटात पेटलेली आग शमवण्याची. ती सोमाची नाही. पण गृत्समदाने स्थापन केल्याचे मानल्या जाणाऱ्या महडच्या गाभाऱ्यात रोज वाहिले जाणारे गवत तेच, ज्याला यज्ञात एकेकाळी सोमाच्या जागी बसायची मुभा होती.