मनीनं पाखरू धरलं, आता काय करायचं?



सकाळी तुम्ही दार उघडता आणि उंबऱ्याशी बुलबुलाची पिसं पडलेली दिसतात. मनी शेजारीच बसून पंजे चाटत असते. परसबागेतल्या मेंदीत घरटं होतं, पोरं आठ दिवस ते लांबूनच बघत होती. आता पोरगी रडते, सासूबाई म्हणतात, "मांजराची जातच ती," आणि कुणीतरी काठी शोधायला जातं.

परसबागेचा विषय निघाला की हे गाऱ्हाणं येतंच. म्हणून या वेळी त्यावरच बोलू.

पोट भरलेलं असताना का मारतं?

मांजराची भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. समोर काही फडफडलं की जेवलेलं मांजरसुद्धा झेप घेतं. त्यात आपण त्याला वाढतो काय? दूध आणि भाकरीचा कुस्करा. मांजर मूळचं मांसाहारी. मांस-मासळीतले काही घटक त्याला जगायला लागतातच, ते भाकरीत नसतात. वाटी भरलेली दिसते, पण त्याची गरज भागत नाही.

तेव्हा मनीला गुन्हेगार ठरवू नका. पण "चालायचंच" म्हणून सोडूनही देऊ नका. मांजराचा खेळ होतो, पाखराचा जीव जातो आणि नुकसान आपलंही होतं. बुलबुल टोमॅटोला चोच मारतो, हे खरं. पण चिमणी एरवी दाणे टिपत असली तरी पिल्लांना किडे-अळ्या भरवते. शिंपी पक्षी पानापानांतून अळ्या वेचतो, दयाळ जमिनीवरचे किडे टिपतो. फवारणीशिवाय भाजी पिकवायची तर हे बिनपगारी मजूर हवेतच.

हे करू नका

मांजराला मारू नका. पाखरू धरल्याबद्दल मार बसला, हे त्याला कळत नाही. ते फक्त तुम्हाला भिऊ लागतं आणि शिकार तुमच्या नजरेआड करतं.

पोत्यात घालून लांब सोडून येऊ नका. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. पाळलेलं जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे. शिवाय सोडलेलं मांजर शिकारीवरही जगतं, आणि इकडे आपल्या कणगीत उंदीर वाढतात.

हे करून बघा

१. रात्री आत, उन्हं वर आल्यावर बाहेर. पाखरं भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला दाणापाणी शोधत खाली उतरतात. त्या वेळी मांजर घरात असू द्या. रात्री धान्याच्या खोलीत ठेवलंत तर उंदरांचाही बंदोबस्त होतो. खोलीत हवा खेळती हवी, पाणी आणि मातीची पाटी ठेवा.

२. खाण्यात मासळी-अंडं घाला. मासे साफ केल्यावरची मुंडकी उकडून, काटे काढून द्या. उकडलेलं अंडंही चालतं. खारवलेले मासे मात्र नकोत. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठानं २०२१ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. रोज ५ ते १० मिनिटं खेळवल्यावर ती २५ टक्क्यांनी घटली. दोरीला पीस किंवा चिंधी बांधून पोरांना मांजराशी खेळू द्या, खर्च काहीच नाही.

३. घुंगरावर विसंबू नका. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं आपण म्हणतो. पण बांधूनही भागत नाही. त्याच अभ्यासात घंटेनं ठळक फरक दिसला नाही. भडक रंगाच्या कापडी पट्ट्यानं मात्र घरी आणलेली पाखरं ४२ टक्क्यांनी कमी झाली, कारण पाखरांना रंग लांबून दिसतो. शिलाईकाम करणाऱ्या ताईंनी लाल-पिवळ्या तुकड्यांचा पट्टा शिवावा. जोड मात्र कच्च्या दोऱ्यानं घाला. पट्टा फांदीत अडकला तर दोरा तुटला पाहिजे, नाहीतर मांजराला फास बसेल.

४. घरटं दिसलं की झाड राखा. खोडाला चार-पाच फुटांवर दोन हात रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, त्यावर नखं रुतत नाहीत. झुडपात घरटं असेल तर भोवती बाभळीच्या काट्या टाका. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस खालीच फुदकतात. तेवढे दिवस मांजर घरातच ठेवा.

५. पाण्याचा परळ उघड्यावर ठेवा. झुडपाच्या आडोशाला ठेवलात तर मांजराला दबा धरायला आयतीच जागा मिळते. परळ उंच टांगा.

पाखरू जिवंत सुटलं तर

जखम दिसत नाही म्हणून लगेच उडवून देऊ नका. मांजराच्या तोंडातले जंतू दातांच्या बारीक टोचणीतूनही आत जातात आणि पाखरू एक-दोन दिवसांत मरतं. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडकं घालून ते अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. लवकरात लवकर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा वनविभागाला कळवा. पोरांनी हट्ट केला तरी रानपाखरू पाळू नका, त्याला कायद्याची बंदी आहे.

एका घराचं काम नाही

तुम्ही मनीला आत ठेवलंत, पण आळीत दहा मोकाट मांजरं असली तर घरटी वाचणार नाहीत. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि एका वेताला तीन-चार पिल्लं होतात. ती पिल्लं सांभाळायला घरं मिळत नाहीत, मग ती उकिरड्यावर आणि परसबागांवर जगतात. यावर खरा उपाय नसबंदीच.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. कुणाकडे किती मांजरं आहेत याची यादी काढा. पशुसखीला सोबत घ्या आणि नसबंदी व रेबीजच्या लसीची सोय कुठे आहे, खर्च किती येईल, याची तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा. चार-पाच घरांची मांजरं एकाच गाडीतून नेली तर भाडंही वाटून जाईल.

मांजर आपलं आहे, तेव्हा त्यानं काय केलं याची जबाबदारीही आपलीच. कणगी मनीनं राखावी, आणि परसबाग पाखरांसाठी आपण राखावी.