मणक्यांच्या शस्त्रक्रियेतील त्रिमितीय प्रतिकृती

मणक्यांच्या शस्त्रक्रियेतील त्रिमितीय प्रतिकृती म्हणजे रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेला, त्याच्याच मणक्यांचा हुबेहूब नमुना होय. ती सहसा मूळ हाडांच्याच आकाराची असते. शस्त्रक्रियेची आखणी, सराव, शिक्षण आणि रुग्णाला आजार समजावून सांगणे यांसाठी तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

मानवी कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ मणके असून त्यांखाली त्रिकास्थी व माकडहाड असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, तर मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्या वर चढतात. मणके स्थिर करण्यासाठी बसवलेला स्क्रू थोडा जरी भरकटला, तरी पक्षाघात किंवा गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. सीटी व एमआरआयच्या सपाट चित्रांवरून शल्यचिकित्सकाला हाडांचा आकार मनात जुळवावा लागतो. जन्मजात व्यंगामुळे रचनाच बदललेली असल्यास हे काम विशेष अवघड होते.

अमेरिकेतील चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये स्टिरिओलिथोग्राफी या मुद्रणपद्धतीचे पेटंट मिळाले. कण्याच्या शस्त्रक्रियेत अशा प्रतिकृती वापरल्याचा अनुभव ऑस्ट्रेलियातील पॉल डर्सो व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला.

निर्मिती

प्रथम पातळ छेदांचा सीटी स्कॅन काढला जातो. धमनीचा मार्ग हवा असल्यास शिरेतून रंगद्रव्य देऊन स्कॅन करतात. संगणकावर हाडे इतर ऊतींपासून वेगळी केली जातात व त्यांचा पृष्ठभाग मुद्रणयंत्राला समजेल अशा स्वरूपात साठवला जातो. यंत्र प्लास्टिक, राळ किंवा नायलॉनचे थरावर थर चढवून प्रतिकृती घडवते. हाडे व धमन्या वेगवेगळ्या रंगांत दाखवता येतात.

मुंबईतील उपयोग

कवटी व मान यांच्या सांध्याचे विकार हे या तंत्राचे महत्त्वाचे क्षेत्र आहे. येथे मानेचा पहिला मणका, ॲटलस, कवटीला जन्मतः चिकटलेला असू शकतो किंवा दुसऱ्या मणक्यावरून सरकून मज्जारज्जूवर दाब आणू शकतो. मुंबईतील परळ येथील केईएम रुग्णालयाचे मेंदूशल्यचिकित्सक अतुल गोयल यांनी विजय लहेरी यांच्यासह १९९४ मध्ये हे दोन मणके प्लेट व स्क्रूने स्थिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर स्वीकारली गेली. २०१६ मध्ये गोयल, क्ष-किरणतज्ज्ञ भाविन जंखारिया व सहकाऱ्यांनी याच सांध्याच्या शस्त्रक्रियांतील त्रिमितीय प्रतिकृतींच्या उपयोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रतिकृती हातात फिरवून पाहता येत असल्याने सांध्यांची ठेवण, स्क्रूसाठी उपलब्ध हाड आणि धमनीचे वळण आधीच तपासता येते.

इतर उपयोग

पाठीच्या कुबडात किंवा बाकात मणके पिळवटलेले असतात. तेथे स्क्रूची लांबी, जाडी व दिशा प्रतिकृतीवर ठरवता येते. हाडावर नेमके बसणारे, ड्रिलला दिशा देणारे साचेही मुद्रित केले जातात. वैद्यकीय विद्यार्थ्यांना दुर्मीळ व्यंगांचा अभ्यास करता येतो. रुग्ण व नातेवाइकांनाही धोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहून संमतीचा निर्णय घेता येतो.

मर्यादा

प्रतिकृती प्रामुख्याने हाडे दाखवते. मज्जारज्जू, अस्थिबंध व स्नायू यांचे वर्तन तिच्यातून कळत नाही. स्कॅनच्या वेळची शरीराची ठेवण शस्त्रक्रियेच्या टेबलावर बदलते. संगणकावर हाडे वेगळी करताना पातळ हाड वगळले गेल्यास प्रतिकृती दिशाभूल करू शकते. म्हणून ती मूळ स्कॅनशी पडताळून पाहणे आवश्यक असते. मुद्रणाला अनेक तास लागत असल्याने तातडीच्या शस्त्रक्रियेत ती उपयोगी पडतेच असे नाही. काही स्वस्त प्लास्टिक उष्ण वाफेच्या निर्जंतुकीकरणात विरूपित होतात; त्यामुळे जखमेच्या संपर्कात येणाऱ्या साच्यांसाठी योग्य पदार्थ निवडावा लागतो. प्रतिकृती ही शल्यचिकित्सकाच्या अनुभवाला पूरक असते, पर्याय नव्हे.

हे सुद्धा पाहा

पाठीचा कणा
सीटी स्कॅन
त्रिमितीय मुद्रण