आउट काढलेलं चाक

गेल्या महिन्यात सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली: पार्किंगमधल्या भंगार सायकली तातडीने हलवाव्यात. त्या भंगारात माझी ॲटलस धरली होती. 1978 मध्ये पहिल्या पगारातून घेतलेली, 28 इंची चाकांची, पूर्ण चेनकव्हर असलेली. नोटीस लागली त्या सकाळी मी तिच्यावरूनच मंडईत भाजी आणायला जाऊन आलो होतो. भंगार हा शब्द फार लागला.

असंच एकदा 2020 साली झालं होतं. 3 जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. बातमी वाचून मी खाली गेलो आणि उगाचच हँडल पुसून आलो.

शाळेची वर्षं भाड्याच्या सायकलवर, मधल्या नळीखालून पाय घालून गेली. ती सगळ्यांचीच तशी गेली. 1990 नंतरच्या पुण्याबद्दल बोलवत नाही. माझी खरी वर्षं मधली दहा-बारा.

खडकीला कारखान्यात नोकरी होती, पहिली पाळी सातची. कसब्यातून सव्वासहाला निघायचं, नवा पूल ओलांडून वाकडेवाडीमार्गे. डबा कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. दुपारी फाटक उघडलं की सायकलींचा लोंढा मुंबई रस्त्यावर यायचा आणि ट्रकवालेसुद्धा थांबायचे. चेतक स्कूटर 1972 पासून आकुर्डीत बनत होती, पण ती मिळवायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. तोवर रस्ता आमचाच होता.

दुसऱ्या पाळीला परतताना डायनामो टायरला टेकवायचा. लगेच पायाला जडपणा जाणवे आणि पुढे पिवळा कवडसा पडे. चढावर वेग मंदावला की तोही मंदावायचा, पुलाच्या उतारावर एकदम लख्ख व्हायचा. आपल्याच पायांनी काढलेला तो उजेड मला अजून कुठल्याही दिव्यापेक्षा आवडतो.

पिंपळाखालच्या सायकलवाल्या मामांकडे दरवर्षी दिवाळीआधी ओव्हरऑइलिंग व्हायचं. छरे रॉकेलमध्ये धुवून, ग्रीस भरून परत बसवत. मग सायकल उलटी करून ते चाक फिरवायचे आणि रिमच्या अगदी जवळ खडू स्थिर धरायचे. जिथे खडू लागेल तिथे रिम बाहेर आली आहे. तिथले समोरच्या बाजूचे स्पोक कसायचे, पुन्हा फिरवायचं. शेवटी खडू कुठेच लागेनासा झाला की म्हणायचे, ‘‘घेऊन जा भाऊ, आउट काढला.’’ वस्तू टाकून न देता अशी सरळ करता येते, हे मी त्यांच्याकडे शिकलो. आज त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पिंपळही नाही.

रस्ते रुंद होत गेले तसे आम्ही कडेला सरकत गेलो. पुढे सायकल ट्रॅक आले. त्यांवर मोटारसायकली लावलेल्या, मध्येच विजेचा डबा, पुढे फरशी उखडलेली. रस्त्यांबाबतच्या एका सभेत मी तक्रार केली तेव्हा एका साहेबांनी विचारलं, ‘‘काका, आता सायकल चालवतंय कोण?’’ त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज देतो: साहेब, पाय ठेवायला जागा ठेवली असतीत तर चालवणारे होते. माझ्याच पाळीतले कित्येक जण हौसेने नाही, जिवाच्या भीतीने स्कूटरवर गेले.

काल सायकल दुसऱ्या मजल्यावर घरात आणली. दोघांना उचलावी लागली. गॅलरीत उलटी करून पुढचं चाक फिरवलं आणि नातीच्या पेटीतला खडू धरला. व्हॉल्व्हजवळ, डाव्या बाजूला एकदाच लागला. उजवीकडचे दोन स्पोक सैल आहेत. उद्या सकाळी तेवढे कसून मंडईत जाईन.