चित्रकथेचे एक पान, अनेक हात

‘फॅन्टॅस्टिक फोर’ या चित्रकथेचे एखादे जुने पान आज आपण सावकाश पाहावे, अशी माझी विनंती आहे. न्यूयॉर्कच्या मार्व्हलने ही मालिका १९६१ मध्ये सुरू केली. तिचे कर्ते स्टॅन ली आणि जॅक कर्बी दोघेही स्थलांतरित यहुदी कुटुंबांत जन्मलेले. मूळ नावे स्टॅन्ली लीबर आणि जेकब कर्ट्झबर्ग.

त्यांची रीत निराळी होती. कथेचा सांगाडा बहुधा बोलण्यातच ठरे. मग कर्बी पेन्सिलीने पाने रेखाटीत. कोणत्या प्रसंगाला किती चौकटी द्यायच्या, कोठे थबकायचे, हे तेच ठरवीत आणि समासात टिपणे लिहीत. त्यांवरून ली संवाद रचीत. अक्षरलेखक ते फुग्यांत उतरवी. पुढे जो सिनॉटसारखा कलावंत पेन्सिलीवर शाई फिरवी आणि शेवटी रंगयोजना होई. सिनॉट यांच्या शाईत धातू चकाके, दगडी देहाच्या ‘थिंग’ची प्रत्येक भेग स्पष्ट उमटे, तरी कर्बींच्या रेषेचा जोम हरवत नसे.

या रीतीत चित्रकार हाही कथाकारच असतो. परंतु कर्बींना तो मान दीर्घकाळ लाभला नाही. स्वतः काढलेली मूळ पाने परत मिळवण्यासाठीही त्यांना १९८०च्या दशकात झगडावे लागले. म्हणून मला वाटते, मुलांनी पान उलटण्यापूर्वी आपण त्यांना विचारावे: यात किती जणांचे हात दिसतात? श्रेय ओळखणे हाही वाचनाचाच भाग आहे.