अंगण सारखं उखडतं, त्याचं काय करायचं?

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी लिहून घेताना हल्ली एक कारण वारंवार ऐकू येतं. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचेत. का गं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सारवून सारवून मनगटं गेली, ताई. चार दिवस झाले की परत पोपडे."

ब्लॉक बसवायला माझी ना नाही. पण अंगण कशामुळे उखडतं ते न बघता वर काहीही टाकलं, तर तेही खचणार. शहरातल्या बंगल्यांपुढे आजकाल प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरतात. त्याच्याखालीही मुरूम नीट दाबलेला नसला तर खड्डे पडतात, पाणी साचतं, कडा उचलल्या जातात. वर उन्हात ते इतकं तापतं की अनवाणी उभं राहवत नाही. म्हणजे पैसे घातले तरी खालची जमीन चुकत नाही.

आपल्या अंगणाचंही तेच. शेणाचा थर ही नुसती कातडी. ती धूळ धरून ठेवते, शेणातला चाऱ्याचा चोथा मातीला बांधून ठेवतो. पण खालची माती भुसभुशीत असेल, तर पाऊल पडलं की कातडी तडकणारच. आपण काय करतो? तडकलं की वरून आणखी एक जाड हात मारतो. थरावर थर चढतात, आणि एक दिवस भाकरीच्या पापुद्र्यासारखे उचलून येतात.

तर आधी पाणी बघा. बादलीभर पाणी घराच्या उंबऱ्याकडून ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. एके ठिकाणी थांबलं, तर तिथंच तुमचं अंगण उखडत असणार. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांमागे दोन-अडीच इंचांचा उतार हवा. गवंडी पाण्याची नळी धरून लेव्हल काढतो, तशी ती दोघींनाही काढता येते. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे चर पडलेली असते. ती मातीने कितीही बुजवा, पुढच्या पावसात परत पडणार. तिथे वीतभर रुंदीची खडी किंवा दगडगोटे टाका. रांजणाखाली फरशी ठेवा. मोरीचं पाणी अंगणातून जात असेल तर ते परसातल्या केळीला किंवा शोषखड्ड्यात काढून द्या. एवढं केलं तरी निम्मी डागडुजी वाचते.

आता खड्ड्याची दुरुस्ती. सैल झालेली सगळी माती टणक जमीन लागेपर्यंत काढून टाका. कडा उताराच्या नकोत, उभ्या कापा, नाहीतर नवी माती कडेला पातळ होऊन सुटते. आत पाणी शिंपडा. मग मुरूम घाला, पण एकदम नाही. दोन-तीन बोटांचा थर, धुमसाने ठोका, मग दुसरा थर. ओल किती हवी? मुठीत माती दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडला आणि त्याचे दोन-चार तुकडे झाले, तर ओल बरोबर. चिखलासारखा थापला गेला तर पाणी जास्त. भुगा झाला तर कमी.

शेतातली काळी माती मात्र घालू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम, तांबडी माती किंवा पांढरी माती चाळून घ्या, त्यात गव्हाचा भुसा किंवा भाताचा तूस मिसळा, रात्रभर भिजत ठेवा आणि शेवटचा हात त्याचा द्या. कोकणात पाऊस सरला की लाकडी चोपण्याने अंगण चोपून काढतात. तसं वरून चोपा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोपा. खड्ड्यात सिमेंट ओतायचा मोह होतो, पण कडक सिमेंट आणि मऊ माती यांच्या सांध्यातच भेग पडते आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

सारवण पातळच हवं. जुने पोपडे खरवडून काढा, जमीन ओलसर करा, मग हात फिरवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी सारवलं तर वरचा थर झटकन वाळून चिरतो.

शेणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कोणाला राग आला तरी चालेल. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला चीर, भाजल्याचा फोड, पायाला भेग असेल तर सारवू नका, दुसरीला सांगा. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आरोग्य केंद्रात विचारा. बाळाच्या नाळेला शेण किंवा शेणाची राख कधीच लावायची नाही. आणि पापड, कुरडया, हळद, मिरची सारवलेल्या जमिनीवर थेट पसरायची नाही. घरच्यासाठीही नाही, विकायच्या मालासाठी तर नाहीच. खाटेवर स्वच्छ कापड अंथरून वाळवा.

राहिला मनगटांचा प्रश्न. धुमस मारणं एकटीचं काम नाही, आणि ते फक्त बाईचंच का असावं हेही घरात विचारायला हरकत नाही. एका गटाने यावर सावड धरली. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, मुरमाची एकच ट्रॉली सगळ्यांत वाटून. भर घालायचं आणि चोपायचं काम सगळ्याजणी मिळून, सारवायचं जिचं तिने. त्यातल्या एकीने नंतर ब्लॉकसाठी कर्ज घेतलंच, पण फक्त दारापुढच्या चार फुटांपुरतं, कारण सासूबाई काठी घेऊन चालतात.

पावसाळ्यात सारवायच्या भानगडीत पडू नका, थर वाळत नाही आणि शेवाळ धरतं. तेव्हा फक्त पाणी निघून जातंय ना एवढं बघा आणि जायच्या-यायच्या वाटेवर दगड टाका. बाकीचं पाऊस उघडल्यावर.