घुमट विजापुरी, नाव शिवछत्रपतींचे

बाहेरगावचा पाहुणा प्रथमच मुंबईस आला, तर त्याचा यजमान त्यास कोट विभागात नेऊन बोरीबंदर, राजाबाई मनोरा आणि म्युझियम ही स्थळे अगत्याने दाखवतो. त्यांपैकी पहिल्या दोन वास्तू युरोपातील गॉथिक शैलीच्या छायेत वाढलेल्या आहेत. तिसरी उभारताना मात्र जॉर्ज विटेट या स्थापत्यविशारदाने आपली दृष्टी दक्षिणेकडे, विजापूरकडे वळवली, आणि परकीय अमदानीत, परकीय युवराजाच्या नावाने बांधली गेलेली ही इमारत पुढे या नगरीस आपली वाटू लागली, त्याचे मर्म, आमच्या मते, त्या दृष्टिपालटातच आहे.

युवराजाच्या मुंबईभेटीचे स्मारक म्हणून संग्रहालय उभारावे, असा येथील प्रतिष्ठित नागरिकांचा मनोदय होता. त्यानुसार 11 नोव्हेंबर 1905 रोजी खुद्द युवराजाच्या, म्हणजे पुढील पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते कोनशिला बसली. 1909 साली नकाशांची खुली चढाओढ होऊन विटेटची निवड झाली आणि 1914 साली काम पुरे झाले. परंतु तेवढ्यात महायुद्ध उद्भवल्याने नव्या दालनांत पुराणवस्तूंऐवजी जखमी शिपायांच्या खाटा पडल्या, आणि सर्वसामान्य जनतेस आत पाऊल टाकण्यास 1922 चा जानेवारी उजाडावा लागला.

या इमारतीचे दगड कोठले, हे पाहण्यासारखे आहे. करडा पाषाण कुर्ल्याचा आणि पिवळसर पाषाण मालाडचा. म्हणजे साष्टीच्याच भूमीतून काढलेला. माथ्यावरील घुमट कमळाच्या पाकळ्यांच्या बैठकीतून उमलतो, ही आदिलशाही कारागिरांची खास लकब. त्याच्या सभोवती लहान घुमट्यांचे मनोरे, पुढे आलेले छज्जे, ऊन गाळून आत सोडणाऱ्या जाळ्या आणि मध्यभागी मराठा अमलातील वाड्याच्या धर्तीचे लाकडी सज्जे व कठडे. विजापूर त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे विटेटने इलाख्याचा नकाशाच दगड-लाकडात उतरवला, असे म्हणण्याचा मोह होतो. गोऱ्या सरकारला ‘हिंदी’ दिसणारी इमारत हवी होती, आणि तीत साम्राज्याच्या मिजाशीचा अंश होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि मिजाशीतून निघालेली गोष्टही दगड प्रांतातला आणि वळण प्रांताचे असल्यास कालांतराने प्रांताची होऊन जाते.

याचा पुरावा 1998 साली मिळाला. संग्रहालयाचे नाव बदलून ‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय’ असे ठेवण्यात आले, आणि कमानीपासून कळसापर्यंत कोठेही काही विजोड झाले, असे कोणास वाटले नाही. वास्तविक इतिहासाचा केवढा विनोद यात दडला आहे! ज्या गोलघुमटाचे वळण विटेटने गिरवले, त्याखाली निजलेला महंमद आदिलशहा हा शहाजीराजांचा धनी. त्याच दौलतीविरुद्ध शिवरायांनी तलवार उपसली, आणि तिच्याच सरदाराची प्रतापगडाखाली वासलात लावली. तरीही आदिलशाही घुमटावर महाराजांचे नाव शोभून दिसते, कारण दख्खनच्या मातीत शत्रूचे शिल्पही अखेर घरचेच असते.

भायखळ्याची कथा निराळी. राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे वयाने वडील. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड प्रभृतींच्या खटपटीने वर्गणी जमली, 1862 साली पाया घातला गेला, 1865 साली कापसाचा सट्टा कोसळताच पैशाचा झरा आटला, आणि उद्घाटन 1872 पर्यंत रखडले. त्याचे बाह्यांग इटालियन वळणाचे. ते देखणे असूनही शहराने कैक वर्षे त्याकडे पाठ फिरवली. 1975 साली भाऊ दाजींचे नाव देऊनही ही उदासीनता फारशी हटली नाही. बागेत येणारा लोंढा वाघ-माकडांकडे वळे, आणि घारापुरी बेटास पोर्तुगीजांकडून ज्याच्यामुळे ‘एलिफंटा’ हे नाव मिळाले तो दगडी हत्ती इमारतीच्या आवारात बेवारशासारखा उभा असे. 2008 साली जीर्णोद्धार पुरा झाल्यावर बिडाचे खांब आणि सोनेरी मुलाम्याची नक्षी पुन्हा झळकली, तेव्हा कोठे मुंबईकरास आपल्या या ठेव्याची जाणीव झाली. आणि तीही दर्शनी भिंतीमुळे नव्हे, तर अंतर्भागातील दिमाखामुळे, ही गोष्ट आमच्या म्हणण्यास पुष्टीच देते.

अलीकडे स्पेनमधील बिल्बाओ शहराचा दाखला ऊठसूट दिला जातो. फ्रँक गेरीने तेथे 1997 साली टायटॅनियमने मढवलेले गुगेनहाइम संग्रहालय उभारले आणि उतरती कळा लागलेल्या गिरणी-गोद्यांच्या गावाकडे जगाचे प्रवासी धावले, हे खरे. परंतु त्या नमुन्याच्या हव्यासाने ठिकठिकाणच्या नगरपित्यांनी चमत्कृतीस महत्त्व दिले आणि गावच्या दगडाची विचारपूस सोडली. भायखळ्याच्या संग्रहालयास नवी शाखा जोडण्यासाठी 2014 साली अमेरिकन स्थापत्यविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला, तो पांढऱ्या काँक्रीटचा. त्यातील प्रकाशयोजनेची कल्पकता वाखाणण्याजोगी आहे, याबद्दल वाद नाही. मात्र विटेटच्या मालाडी दगडाने शंभर पावसाळे पचवले आहेत, आणि पांढऱ्या भिंतीचे मुंबईच्या आषाढात काय होते, याची माहिती येथील कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीस विचारल्यास तो हिशेबाच्या वहीसकट देईल.