शॉर्ट मॅग्नम : पुंगळी आखूड, मारा तोच

मंडळी, आज काडतुसांविषयी बोलू. आपल्या कोपरगाव तालुक्यात उसात बिबट्या दिसला, की पारावर रायफलींची नावं निघायला लागतात. त्यात 'मॅग्नम' सगळ्यात भारदस्त. आणि कुणी 'शॉर्ट मॅग्नम' म्हटलं, की बाकीच्यांना वाटतं ही कमी ताकदीची, जवळच्या माऱ्याची असणार. हा समज आम्हाला धोक्याचा वाटतो. (बिबट्यावर बंदूक रोखायचा विचार तर सोडाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो अनुसूची एकमध्ये आहे. त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. घरात परवान्याची बंदूक असली म्हणून ती मिळत नाही.)

'मॅग्नम' हे मूळचं बाटलीचं नाव, दीड लिटरच्या, म्हणजे नेहमीच्या दुप्पट बाटलीचं. काडतुसातही दारूच जास्त भरतात, फक्त ती वेगळी!

दोन काडतुसं शेजारी ठेवू. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चं, .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम २००१ चं. गोळीची जाडी दोन्हींत एकच, ७.८ मिलिमीटर. फरक आहे तो मागच्या पितळी पुंगळीत. जुनीची लांबी ६६.५ मिलिमीटर, नवीची ५३.३. जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी ७.६२ ची काडतुसं बनतात, त्यांची पुंगळी ५१ ची असते. म्हणजे शॉर्ट मॅग्नम उंचीला जवळपास त्यांच्याएवढंच. पण अंगानं आडवं : बुडाशी १४ मिलिमीटर, जुनं १३.

आता वेग बघा. पावणेबारा ग्रॅमची गोळी दोन्हींतून सेकंदाला साधारण ९०० मीटरनं निघते. 'शॉर्ट' हे पुंगळीच्या लांबीचं वर्णन आहे, माऱ्याचं नाही. आपला गोदाकाठ सपाट, मध्ये टेकडी नाही. चुकलेली गोळी उसाच्या पलीकडे कित्येक किलोमीटर जाऊ शकते. तिकडे वस्ती असते, ऊसतोडीच्या टोळ्या असतात.

मग कमी दारूत तोच वेग कसा? एक तर दारू दहा टक्के वाढवली म्हणून वेग दहा टक्के वाढत नाही, दोन-तीन टक्केच वाढतो. शिवाय शॉर्टमध्ये दाबाची मर्यादा किंचित जास्त धरलेली आहे. दुसरं कारण असं सांगतात, की आखूड-जाड पुंगळीत दारू एकसारखी पेटते. चूड एका टोकाकडून जळत जाते, गुऱ्हाळाच्या चुलाणात पाचट चहूकडून पेट घेतं, तसं काहीसं. आमच्या मते जाहिरातींनी या मुद्द्याचा जरा जास्तच गाजावाजा केला.

जड गोळी लावली, तेरा ग्रॅमच्या पुढची, की जुनं काडतूस पुढे जातं. जड गोळी लांब असते. आखूड काडतुसात ती पुंगळीत खोल बसवावी लागते आणि दारूची जागा खाते.

शॉर्टचा खरा फायदा रायफलीत आहे. अख्खं काडतूस सव्वा सेंटिमीटरनं आखूड, म्हणून बोल्ट तेवढा कमी ओढायचा, रायफलही थोडी हलकी. पण हलकी रायफल खांद्याला जोरात धक्का देते, हे विकणारा सांगत नाही. जाड काडतुसं मॅगझीनमध्ये सहसा एक कमी मावतात, आणि रुंद खांद्यामुळे कधी कधी चेंबरमध्ये सरकताना अडतात.

जुन्या मॅग्नमच्या बुडाशी एक कडं दिसतं. ते मजबुतीसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं .३७५ चं काडतूस काढलं. त्याचा खांदा फार उतरता. चेंबरमध्ये ते नेमकं कुठे थांबणार? म्हणून हे कडं. .३०० विंचेस्टर मॅग्नमला चांगला खांदा आहे, तरी कडं वारशानं आलं. शॉर्टमध्ये ते काढून टाकलं. ते खांद्यावरच टेकतं.

तेव्हा नुसतं '.३००' वाचून काडतूस कधी घ्यायचं नाही. रायफलीच्या नळीवर पूर्ण नाव कोरलेलं असतं, ते काडतुसाच्या बुडावरच्या अक्षरांशी जुळवायचं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.